एक एकराचं उद्यान, करपलेलं लॉन, खचलेला ट्रॅक: पैसे आधी कुठे घालावेत?

पाथर्डी_फाटा:

नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या ले-आऊटमधली ओपन स्पेस आहे, ८० बाय ५० मीटर म्हणजे ४,००० चौरस मीटर, एकरभर. जागा महापालिकेच्या ताब्यात, देखभाल ठेक्याने. ठेक्याची मुदत संपली आहे आणि काही कामं रहिवासी संघाने अंगावर घ्यावीत असं घाटतंय. आजची स्थिती अशी:

लॉन कागदावर १,८०० चौ. मी. आहे. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त लव्हाळा, उरलेलं करपलेलं. पाणी एकाच बोअरचं, दीड एचपीची मोटर. उन्हाळ्यात चाळीसेक मिनिटांत बोअर हवा ओढायला लागते, मग चार-पाच तास गप्प. ट्रॅक पेव्हर ब्लॉकचा, २३० मीटर लांब, १.८ मीटर रुंद. नैऋत्येकडे साठेक मीटर खचलाय आणि पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी साचतं. जमीन काळी. खेळण्यांत दोन घसरगुंड्या, चार झोके, एक सी-सॉ, एक गोल फिरणारं चक्र. सगळ्यांच्या खाली पेव्हरच. ओपन जिमची आठ यंत्रं, त्यातली तीन अडकलेली. दिव्यांचे चौदा खांब, पेटतात पाच-सहा. कुंपणाला लागून कोनोकार्पसच्या झाडांची रांग, मधे गुलमोहर आणि सप्तपर्णी.

वर्गणी तीन लाखांपर्यंत जमेल, शिवाय एका कंपनीच्या सीएसआरची (सामाजिक जबाबदारीच्या निधीची) बोलणी चालू आहेत. बैठकीत निम्म्या लोकांचं म्हणणं नवीन लॉन, कारंजं आणि सेल्फी पॉइंट. पावसाळ्याला दीड-दोन महिने आहेत. लॉन वाचवायचं की काढायचं? ट्रॅक पूर्ण उखडावा लागेल का? आणि कागदोपत्री काय लागेल?

हिरवं_फावडं:

कारंज्याचा विषय पुन्हा निघाला की चहा मागवा, बैठक आपोआप पुढे सरकते.

आधी पाण्याचा हिशेब. दोनशे लिटरचा ड्रम बोअरच्या पाइपखाली ठेवा आणि घड्याळ लावा. चार मिनिटांत भरला तर मिनिटाला ५० लिटर, म्हणजे चाळीस मिनिटांत २,०००. दिवसात दोन पाळ्या मिळाल्या तर ४,०००, पहाटे तिसरी मिळाली तर ६,०००. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये लॉनला चौरस मीटरमागे रोज ५ लिटरच्या आसपास पाणी लागतं. १,८०० चौ. मी. धरले तर ९,००० लिटर, झाडं आणि हेज वेगळी. हे गणित कुठलाही माळी जमवू शकत नाही. जुन्या ठेक्यात लॉन मेलं ते बहुधा याच कारणाने, आणि तिथेच नवीन अंथरलंत तर तेही पुढच्या मे महिन्यात जाईल.

म्हणून लॉन ठेवा, पण ६०० चौ. मी.च. एका तुकड्यात, मधोमध, किमान सहा तास ऊन पडेल तिथे. चार कोपऱ्यांत चार पट्टे ठेवले तर पाणी जास्त वाया जातं आणि कडा कापण्यातच माळ्याचा दिवस जातो. ६०० ला ३,००० लिटर पुरतं, उरलेलं झाडांना. बाकीच्या १,२०० पैकी गुलमोहराच्या सावलीतला भाग लॉनला कधीच मानवत नाही. तिथे पालापाचोळ्याचा ७-८ सेंटिमीटर थर आणि ऱ्हिओ, स्पायडर लिली, क्लोरोफायटम. एक बाजू सरळ मुरुमाची मोकळी ठेवा. मुलं क्रिकेट खेळणारच, 'खेळू नये' चा फलक चेंडू अडवायलासुद्धा उपयोगी पडत नाही.

लव्हाळ्याबद्दल. याच्या गाठी जमिनीत वीत-दीड वीत खोल असतात आणि वरून उपटलं की खालची गाठ नव्या जोमाने फुटते. खुरप्याने खुरपत बसलात तर गाठी तुटून पसरतात. आत्ताचे हे कोरडे दिवस हीच संधी. ज्या ६०० चौ. मी.वर लॉन ठेवायचं तिथलं पाणी आजच बंद करा, जमीन २० ते २५ सेंटिमीटर खणून ढेकळं उलथी टाका, गाठी उन्हात उघड्या पडू द्या. दर आठ-दहा दिवसांनी परत उलथवा. गाठ वाळली की मरते. ओल राहिली तर नाही, म्हणून या काळात टँकरची धार चुकूनही तिकडे जाऊ देऊ नका. शंभर टक्के जात नाही, पण पुढे हाताने आवरण्याइतका उरतो. तणनाशकं आहेत, मात्र मुलं अनवाणी फिरतात अशा जागी मी ती सुचवणार नाही. आणि 'लाल माती' म्हणून येणारा ट्रक उतरवून घेण्याआधी चार ठिकाणी हात घालून बघा. निम्मा लव्हाळा विकतच आलेला असतो.

लॉन लावायचं ते जूनच्या दुसऱ्या पावसानंतर. आता अंथरलेल्या गाद्या जगवायला दुप्पट पाणी लागेल. खणलेल्या मातीत चौरस मीटरला ४-५ किलो कुजलेलं शेणखत आणि तेवढीच जाड वाळू मिसळा, रोलर फिरवा, दोन टक्के उतार द्या. पहिली कापणी रोपं ६ सेंटिमीटर झाल्यावर. पुढे कापताना उंची पावसाळ्यात ३ सें.मी., उन्हाळ्यात ४ ठेवा. 'अगदी बारीक कापा, पैसे वसूल' हा आग्रह लॉनचा जीव घेतो: पान कमी राहतं, माती तापते, मुळं वर येतात. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पान कापू नये. कापणीनंतर टोकं तपकिरी दिसली तर रोग शोधू नका, मशीनच्या पात्याला धार लावा.

काळी माती पाणी सावकाश पिते. सलग तासभर पाइप सोडला तर निम्मं ट्रॅकवर. पंधरा मिनिटं सोडा, अर्धा तास थांबा, परत पंधरा मिनिटं. सगळं सकाळी आठच्या आत. हेज आणि झाडांना १६ मिमी इनलाइन ड्रिप, ताशी ४ लिटरचे ड्रिपर, मोठ्या झाडाला खोडापासून दीड-दोन मीटरवर गोल फिरवून. खोडाला चिकटवलेला ड्रिपर फक्त खोडकूज देतो. बोअरनंतर १२० मेशचा डिस्क फिल्टर घाला, आठवड्याला धुवा, आणि प्रत्येक लॅटरलचं (ड्रिपच्या नळीचं) टोक महिन्यातून एकदा उघडून गढूळ पाणी वाहू द्या. हे शेवटचं काम कोणीच करत नाही आणि मग दोन वर्षांत 'ड्रिप चालत नाही' म्हणून नळी गुंडाळून ठेवली जाते.

महापालिकेची मलनिस्सारण केंद्रं तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे आहेत. प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने मिळतं का याची चौकशी करा. मिळालं तर ते फक्त ड्रिपने किंवा आळ्यात सोडून वापरायचं. तुषार उडवायचे नाहीत, खेळण्यांच्या बाजूला तर नाहीच. त्या पाण्याला डिस्क फिल्टरच्या आधी वाळूचा फिल्टरही लागतो, नाहीतर शेवाळाने ड्रिपर बुजतात.

झाडांचं नंतर लिहितो.

ओळंबा:

फावडेसाहेबांच्या पाण्याच्या गणिताला पूर्ण अनुमोदन. फक्त क्रम थोडा बदलतो: लॉनच्या आधी तो नैऋत्य कोपरा. उताराचं काम झाल्याशिवाय बाकी काही केलंत तर ते खोदून परत करावं लागेल.

ट्रॅक का खचला? काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि भेगाळते. पेव्हरखाली ती तशीच राहिली असेल तर वरचा ब्लॉक कितीही भारी असो, लाट येणारच. दुसरं नेहमीचं कारण: खालची पातळी वरखाली निघाली की कामगार ती वाळूनेच भरून काढतात. एके ठिकाणी ३० मिमी वाळू, शेजारी १००. पहिल्या पावसात १०० वाली बसते. तिसरं, कडेला कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारी कड) नसणं. मग ब्लॉक बाजूला सरकतात आणि सांधे उघडतात. तुमच्याकडे यातलं काय झालंय ते बघायला खचलेल्या जागी चार ब्लॉक उचला आणि फूटभर खणा. मुरूम न लागता थेट चिकट काळी लागली तर उत्तर मिळालं.

पूर्ण २३० मीटर उखडू नका. जिथे तीन मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर खाली १० मिमीपेक्षा जास्त फट दिसते तेवढंच खडूने आखा. समजा तुमचे साठ मीटर. रुंदी कडांसह २.१ धरली तर १२६ चौ. मी. ब्लॉक उचलून रचून ठेवा, ८०-८५ टक्के तेच परत वापरता येतात. ४५ सें.मी. खणा. तळ धुम्मसने ठोकून त्यावर जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं) कापड अंथरा, नाहीतर मुरूम हळूहळू काळ्यात मिसळतो. मग मुरूम, दाबून ३०० मिमी, पण १००-१०० चे तीन थर. आत मोठा रोलर जात नाही आणि प्लेट कॉम्पॅक्टरची ताकद १०० मिमीच्या खाली पोचत नाही. 'एकदम टाकून वरून फिरवतो' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. मुरुमाला ओल किती? मुठीत दाबला की गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये. त्यावर १०० मिमी खडी आणि कच (दगडाची बारीक चुरी), दाबून. मग २५-३० मिमी कचेचा बिछाना, हा दाबायचा नाही, फक्त पट्टीने ओढायचा. वर ६० मिमी ब्लॉक, दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, सांध्यांत बारीक वाळू झाडून शेवटी कॉम्पॅक्टर. फाटकाजवळ टँकर किंवा ट्रॅक्टर आत येत असेल तर तेवढा पट्टा ८० मिमी ब्लॉकचा करा.

मुरूम किती मागवायचा: १२६ × ०.३ = ३८ घनमीटर, सैल मापात पाव भाग जास्त म्हणजे ४७. ब्रासला २.८३ घनमीटर, म्हणून साडेसोळा, १७ ब्रास. गाडी आली की हौद्याची लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजा. वर ढीग दिसतो आणि कोपरे रिकामे असतात. नव्या ट्रॅकची पातळी बाजूच्या जमिनीपेक्षा ४०-५० मिमी वर ठेवा, आडवा उतार दोन टक्के, म्हणजे १.८ मीटरला साडेतीन सें.मी. निघालेल्या काळ्या मातीचा मुरूम मिसळून दीड-दोन फुटांचा उंचवटा करा, मुलं त्यावर लोळतात आणि वाहतुकीचा खर्च वाचतो.

पाण्याचा निचरा. कोपऱ्यात आधी एक खड्डा घ्या, मुरूम लागेपर्यंत. पाण्याने भरा, मुरू द्या, परत भरा आणि तासाला किती उतरतं ते मोजा. २५ मिमीच्या आत उतरत असेल तर शोषखड्ड्यावर पैसे घालू नका, पाणी पावसाळी गटारात न्यावं लागेल. बरं उतरलं तर दीड बाय दीड, दोन मीटर खोल, खाली डबर, मधे खडी, वर जाड वाळू, आणि आधी गाळ बसायला दोन फुटांची वेगळी टाकी. तिथपर्यंत पाणी आणायला ट्रॅकच्या कडेने ३०० मिमी रुंद, ४५० खोल चर, त्यात ११० मिमीचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोवती २० मिमी खडी आणि सगळ्याला कापडाची गुंडाळी. उतार २०० ला १, तीस मीटरला १५ सें.मी. कापड वाचवलंत तर दोन पावसाळ्यांत पाइप काळ्या मातीने भरेल. पातळ्या घ्यायला महागडं यंत्र नको, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन माणसं अर्ध्या दिवसात एकर मोजतात.

दिवे थोडक्यात. बंद खांबांत बहुतेक वेळा दिवा नाही, सांधा गेलेला असतो. खांबाच्या खालच्या झाकणाआड केबलचा सांधा असतो, झाकण चोरीला जातं, पाणी शिरतं. सांधे जमिनीपासून किमान दीड फूट वर, बंद पेटीत. पॅनेलमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो, मग बाकी सगळं. त्याचं 'टेस्ट' बटण मे अखेरीस दाबून बघा. नुसतं 'अर्थिंग आहे' हे उत्तर चालत नाही. ओल्या लॉनवर अनवाणी मूल आणि करंट उतरलेला खांब एवढं डोळ्यासमोर ठेवा.

पाथर्डी_फाटा:

दोघांचेही आभार. एक शंका: त्या कोपऱ्यातलं पाणी सरळ बोअरमध्येच सोडलं तर? एका सभासदाचा तोच आग्रह आहे, 'फुकटचं पुनर्भरण' म्हणून.

ओळंबा:

नाही. उद्यानातल्या पाण्यात कुत्र्यांची घाण, खत, पेव्हरवरची माती सगळं असतं. ते थेट केसिंगमध्ये (बोअरच्या पाइपात) गेलं की बोअरचं पाणीही खराब आणि गाळाने झरेही बुजणार. आसपासच्या इमारतींच्या गच्चीवरचं पाणी फिल्टर लावून बोअरला देता येतं. जमिनीवरचं पाणी शोषखड्ड्यातूनच, आणि तो बोअरला खेटून नको.

लाकडी_सीसॉ:

खेळण्यांखालचे पेव्हर हे या धाग्यातलं सगळ्यात तातडीचं काम आहे, लॉन आणि ट्रॅक थांबू शकतात. दीड मीटरवरून मूल डोक्यावर पडलं की खाली काय आहे यावर सगळं ठरतं.

पेव्हर काढा, ४० सें.मी. खणा, तळाला १०० मिमी खडी, वर कापड, त्यावर ३०० मिमी वाळू. वाळू नदीची, गोल दाण्याची, धुतलेली. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालत नाही: तिच्यात भुकटी असते, दाणे टोकदार, चार पावसांत ती दगडासारखी घट्ट बसते. वाळूचा पट्टा प्रत्येक खेळण्याच्या कडेपासून चहूबाजूंनी १.८ मीटर. झोक्याला वेगळा नियम: दांडीची उंची २.४ मीटर असेल तर पुढे ४.८ आणि मागे ४.८ मीटर मोकळं. म्हणजे एका झोक्याला जवळजवळ दहा मीटर लांबी लागते, आणि म्हणूनच बहुतेक उद्यानांत झोका बाकड्यात किंवा घसरगुंडीत घुसलेला दिसतो. एका चौकटीत दोनच झोके, त्यांच्यात ६० सें.मी., खांबापासून ७५. चार झोके एका दांडीवर असतील तर दोन काढून टाका, हरकत नाही. वाळू रोज दाताळ्याने उकरायची. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी खड्डा पडतोच, तो त्याच दिवशी भरायचा.

आता एक फूटपट्टी घेऊन फिरा. कठड्याच्या किंवा शिडीच्या ज्या फटी ९ ते २३ सें.मी.मध्ये आहेत त्या धोक्याच्या: मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. मधे गज वेल्ड करून फट ९ च्या आत आणा. नटाच्या बाहेर दोन आट्यांपेक्षा जास्त बोल्ट दिसला तर कापा आणि गोल टोपी बसवा. घसरगुंडीच्या माथ्यावरच्या अशा बोल्टात ओढणी किंवा टोपीची दोरी अडकते, ते वरवर दिसतं त्यापेक्षा फार वाईट आहे. झोक्याच्या एस-हुकची फट पूर्ण मिटलेली हवी, साखळीची कडी झिजून दोन तृतीयांश उरली की साखळीच बदला. फायबरच्या घसरगुंडीवरचा गुळगुळीत थर गेला आणि पांढरे तंतू दिसायला लागले तर हात फिरवू नका, काचेसारखे टोचतात; थर परत चढवून घ्या किंवा बदला. पत्र्याची असेल आणि उतार पश्चिमेकडे असेल तर एप्रिलच्या दुपारी चार वाजता ती वापरण्याजोगी नसते. परत बसवताना तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला करा.

खांब जमिनीला जिथे भिडतो तिथे स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून बघा. रंग छान असतो आणि आत पाइप पापुद्रा झालेला असतो. पायाच्या काँक्रीटचा माथा वाळूच्या वर उघडा पडला असेल तर तोही अपघातच.

गोल चक्र काढून टाका असं माझं मत. तबकडी आणि जमीन यांच्यातल्या फटीत पाय जातो, दांडगी मुलं वेग वाढवतात आणि वेग आवरणारं काही नसतं. दुरुस्तीवर घालायचा खर्च वाळूत घाला.

ओपन जिम: अडकलेली यंत्रं बहुधा बेअरिंगने मेलीत. सील फाटलं, पाणी गेलं, गंजलं. जुनं बेअरिंग काढून त्यावरचा आकडा बघून दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं आणा. तेल-ग्रीस वरून ओतल्याने सीलबंद बेअरिंगला काही होत नाही, फक्त धूळ चिकटते. दुरुस्तीला गेटसमोरचा वेल्डर आणलात तर शेजारी उभे राहा, 'खडखड बंद करतो' म्हणून तो फिरणारा सांधाच पक्का करून जातो. डुलणाऱ्या यंत्राचा पाया छोटा असतो; काळ्या मातीत तो ओलीबरोबर वरखाली होतो. ६० सें.मी. खोल, भोवती मुरूम ठोकून नवा पाया घ्या. दोन यंत्रांत किमान दीड मीटर, आणि खेळण्यांपासून लांब. लहान मुलं एअर वॉकरच्या (पाय पुढेमागे झुलवायच्या यंत्राच्या) मधे बोटं घालतात.

कागदी_घोडा:

वरची कामं मोलाची आहेत, पण जागा तुमची नाही हे विसरून पेव्हर उचललेत तर तक्रार तुमच्यावर.

पहिलं, जागेची कागदपत्रं: मंजूर ले-आऊटचा नकाशा आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका. ओपन स्पेस महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालीय की अजून विकसकाच्या किंवा सोसायटीच्या नावावर आहे? बऱ्याच जुन्या ले-आऊटमध्ये ताबा एकाकडे आणि नाव दुसऱ्याचं असतं. नाव नसेल तर महापालिकेला तिथे खर्च टाकणं अवघड जातं.

दुसरं, जुन्या ठेक्याची प्रत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवस. मागायचं काय ते नेमकं लिहा: कामाचे अंदाजपत्रक, अटी-शर्ती, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, मजुरांची हजेरी. 'उद्यानाची सर्व माहिती द्यावी' लिहिलंत तर उत्तरही तसंच गोल येईल. यातून कळेल की ठेका एकरकमी होता की बाबवार. एकरकमी ठेक्यात काय केलं नाही ते सिद्ध करता येत नाही. नवीन ठेक्यासाठी तुमची लेखी मागणी अशी असावी: लॉनकापणी पावसाळ्यात दर १०-१२ दिवसांनी, हिवाळ्यात २०-२५; फिल्टर धुणं आठवड्याला; वाळू दाताळणं रोज; दिव्यांची तपासणी महिन्याला; आणि प्रत्येक चुकलेल्या बाबीला ठरावीक कपात. त्याबरोबर फाटकाशी एक वही. कॉक कोणी, किती वाजता उघडला, किती वेळ चालला, रोज सही. बिलासोबत वहीची प्रत जोडायची अट घाला. इतकं साधं कलम पण नव्वद टक्के कटकट तिथेच मिटते.

तिसरं, करार. रहिवासी संघ नोंदणीकृत हवा, सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, अर्ज आयुक्तांच्या नावे, उद्यान विभाग आणि विभागीय कार्यालयाला प्रती. करारात हे स्पष्ट लिहून घ्या: मालकी महापालिकेचीच, प्रवेश सर्वांना मोफत, कोणती कामं संघाकडे आणि कोणती महापालिकेकडे, वीजबिल कोणाचं (मीटर महापालिकेच्या नावावर राहू द्या), तुम्ही बसवलेल्या वस्तू करार संपल्यावर कोणाच्या, प्रायोजकाच्या फलकाचा आकार, आणि अपघात झाला तर जबाबदारी. शेवटच्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा उतरवा, तो नसेल तर खेळणी आणि वीज स्वतःकडे घेऊच नका. मी म्हणेन लॉन, झाडं, पाणी आणि पालापाचोळा संघाने घ्यावा. खेळणी, दिवे, ट्रॅक महापालिकेच्या अंदाजपत्रकातून, तुमच्या देखरेखीखाली. खेळणी तातडीची आहेत हे वर लिहिलंय ते बरोबर; त्यासाठी अभियंत्यांसोबत संयुक्त पाहणी मागा, फोटो आणि मापं जोडा, आणि दुरुस्तीपर्यंत ती दोरीने बंद ठेवण्याचं लेखी पत्र घ्या.

सीएसआरचं. कंपनी पैसे संस्थेमार्फत खर्च करणार असेल तर त्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो, १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्यांसकट. साध्या रहिवासी संघाकडे तो नसतो. तेव्हा पैसे मागू नका, कामच मागा: कंपनीने आपल्या पुरवठादाराकडून वाळू, जिओटेक्स्टाइल, ड्रिप बसवून द्यावं. आणि देखभाल तीन वर्षांची मागा. उद्घाटनाला सगळे देतात, दुसऱ्या वर्षीच्या बेअरिंगला कोणी देत नाही.

सिंहस्थाच्या तयारीत यंत्रणा अडकलेली आहे, पत्रव्यवहाराला वेळ धरूनच चाला.

हिरवं_फावडं:

घोडेसाहेबांनी वाटून दिलेली कामं पटली. झाडांचं राहिलं होतं.

कोनोकार्पस काढायचाच. मुळं ओलाव्याच्या शोधात जलवाहिनी आणि गटारात शिरतात, पक्ष्यांना फार उपयोग नाही. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पण एका दिवसात रांग सपाट करू नका. झाड कोणतंही असो, १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते. २०२१ च्या सुधारणेनंतर भरपाईची लागवड तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी (जितकी वर्षं तितकी झाडं) धरतात, म्हणून वय किती ते अर्जात नीट लिहा. एकाआड एक काढा, मधल्या जागेत नवी लावा, ती डोक्याच्या वर गेली की उरलेली. पर्याय: कुंपणाला करंज, पुत्रंजीवा, बकुळ, आत बहावा, ताम्हण, कांचन, ओल साचणाऱ्या नैऋत्य कोपऱ्यात अर्जुन किंवा कदंब, पण ट्रॅकपासून चार-पाच मीटर आत.

सप्तपर्णी ठेवा, नवी लावू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बहरात दम्याच्या लोकांना त्रास होतो, बाकडी त्याच्याखालून हलवा.

गुलमोहराची वाळकी लाकडं मे अखेरीस काढा, त्यालाही परवानगी घेऊनच. फांदी जड असते, म्हणून तीन काप: खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश, मग थोडं बाहेरून वरून पूर्ण, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वळीच्या बाहेरून. वळी कापली की जखम भरत नाही. 'मुंडण' करून घेऊ नका. त्यातून येणारे फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि दुसऱ्याच वादळात तुटतात. झाडाभोवती पेव्हर बुंध्यापर्यंत आले असतील तर एक मीटरचं वर्तुळ मोकळं करा.

पाथर्डी_फाटा:

संयुक्त पाहणीचं पत्र आजच देतो, ड्रमची चाचणी रविवारी. पालापाचोळा सध्या कोपऱ्यात ढिगाने आहे, कोणीतरी रात्री पेटवून देतं. त्याचं काय? आणि खड्डे आत्ताच घ्यायचे का?

हिरवं_फावडं:

पाला जाळायला बंदी आहे, आणि ते सोनं आहे. चिकन जाळीची चार फूट उंच, चार फूट व्यासाची तीन पिंजरी करा, कडेला, सावलीत. थर असे: फूटभर कोरडा पाला, त्यावर चार बोटं हिरवं (कापलेलं गवत, हेजच्या फांद्या), एक बादली शेणकाला, एक पाटी माती. परत तेच. कोरड्याला हिरवं साधारण तीनास एक. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. दर पंधरा-वीस दिवसांनी एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात उलटं भरा, म्हणून तीन. वास आला तर पाणी जास्त, कोरडा पाला घाला; आठवडाभर गरम झालंच नाही तर हिरवं किंवा ओल कमी. पावसाळ्यात वर प्लॅस्टिक. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत खत. गुलमोहराच्या शेंगा आणि लव्हाळ्याच्या गाठी यात टाकू नका. शेंगा कुजत नाहीत, गाठी मरत नाहीत. पेटवणाऱ्यावर उपाय एकच, ढीग न ठेवणं. जाळीत भरलेला ओला पाला सहज पेटत नाही.

खड्डे हो, आत्ताच, या आठवड्यात. ६० सें.मी. घन, मोठ्या झाडांना ९०. महिनाभर उन्हात उघडे तापू द्या, पण भोवती दोरी बांधा, मुलं पडतात. काळ्या मातीत बाजू गुळगुळीत झालेल्या असतात, त्या कुदळीने खरवडा, नाहीतर मुळं कुंडीत असल्यासारखी आतच फिरतात. भरताना निम्मी निघालेली माती, पाव मुरूम, पाव कुजलेलं खत, किलोभर निंबोळी पेंड. कोपऱ्यातल्या झाडांचा माथा जमिनीपेक्षा वीतभर वर ठेवा, पाणी साचलं तरी मानेला लागणार नाही. रोप ६-८ फुटांचं घ्या, पिशवीच्या तळाशी मुळांचा वेढा दिसला तर परत करा. काठी दोन, रोपाच्या दोन बाजूंना. बांधायला सुतळी किंवा जुनी सायकलची ट्यूब, आठच्या आकड्यात सैल. तार नको. आणि पुढच्या मे महिन्यात एकदा फिरून सगळ्या गाठी सैल करा. ट्री-गार्डचं कडं खोडात रुतलेली झाडं कुठल्याही रस्त्यावर सापडतील.